एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष विभागात) सहा वर्षं झाली; आता एमएस्सी करू की एक वर्षाचा डिप्लोमा?

रात्रपाळी_सहा:
नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग त्यानंतरची पोस्ट बेसिक बीएस्सी. आपल्या सगळ्यांसारखीच नोंदणी परिचारिका आणि सुईण अशी दोन्ही. दोन वर्षं लेबर रूम केली, नंतर सहा वर्षं जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत आहे. लेबर रूमला परत जायचं मनात नाही. पेटीतल्या बाळांचंच काम आवडतं आणि पुढचं शिक्षण त्यातच घ्यायचंय.

कुणी म्हणतं एमएस्सी कर, कुणी म्हणतं नवजात परिचर्येचा वर्षाचा डिप्लोमा कर. मैत्रीण मिडवाइफरीचा (सुईणकामाचा) दीड वर्षाचा कोर्स करतेय, ती म्हणते इकडे ये. वय ३४, मुलगा दुसरीत. रजा एकदाच मिळेल असं दिसतंय, त्यामुळे निवड चुकायला नको. अनुभव असेल त्यांनी सांगा.

इन्चार्ज_विदर्भ:
मैत्रिणीचा कोर्स आधी बाजूला ठेव. २०१८ च्या मिडवाइफरी मार्गदर्शक सूचनांनंतर आलेला १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आहे तो. चांगलाच आहे, पण त्याचं लक्ष आईवर. गुंतागुंत नसलेली प्रसूती मिडवाइफने स्वतः सांभाळावी, हा त्याचा हेतू. बाळ रडलं नाही तर बॅग-मास्कने श्वास देण्यापर्यंत शिकवतात. त्यापुढे बाळ गुंडाळून कुणाकडे पाठवणार? तुझ्याकडेच.

उरले दोन. मी स्वतः डिप्लोमावाली, तेव्हा माझं मत थोडं एका बाजूचं समज. वर्षभर वर्ग कमी, वॉर्ड जास्त. एक गोष्ट सांगते. एसएनसीयूत पाच वर्षं काढून मी गेले होते, मला सगळं येतं अशा समजुतीत. पहिल्या आठवड्यात बबल सीपॅपवरचं (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) ९०० ग्रॅमचं बाळ दिलं. प्रॉन्ग, म्हणजे नाकपुड्यांतल्या छोट्या नळ्या, निसटू नयेत म्हणून मी ते नाकाला घट्ट टेकवून बसवले. तिथल्या सिस्टरने ते काढून दाखवलं, नाकाचा मधला पडदा लालबुंद झालेला. म्हणाल्या, प्रॉन्ग आणि पडदा यात जरा फट दिसली पाहिजे, धरून ठेवायचं काम टोपीचं, नाकाचं नाही. दर पाळीत किती वेळा उघडून बघायचं, तेही त्यांनीच लावून दिलं. पुस्तकात हे एका ओळीत असतं.

दुसरं, मॉनिटर. ऑक्सिजनवरच्या कमी दिवसांच्या बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन १०० टक्के दिसला की आपण खूश व्हायचो. तिथे वरचा अलार्म ९५ ला लावलेला. वाजला की ऑक्सिजन कमी करायला पळायचं, कारण जास्तीचा ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्यावर निघतो. असल्या सवयी हाताला लागायला वर्ष लागतंच.

कॉलेजात_शिकवते:
इन्चार्ज ताईंचं बरोबर आहे, फक्त एमएस्सीची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. दोन वर्षं. बीएस्सी किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के आणि नोंदणीनंतरचा एक वर्षाचा अनुभव मागतात, तो तुमच्याकडे आहेच. शाखा निवडताना घोळ घालू नका. प्रसूती आणि स्त्रीरोग शाखेत बाळ येतं ते जन्मापुरतं. आजारी नवजात येतं बालआरोग्य परिचर्येत. पण त्यात मोठी मुलंही आली, लसीकरण आलं, व्यवस्थापन, संशोधन, प्रबंध आला. दोन वर्षांतला नवजात विभागाचा वाटा काही महिन्यांचा.

प्राध्यापक व्हायचं असेल तर एमएस्सीला पर्याय नाही. बाळाजवळ राहायचं असेल तर मी स्वतः एमएस्सी असूनही डिप्लोमाच सांगेन. माझ्या कॉलेजला जोडलेल्या हॉस्पिटलात (नाव नको) बाळाला ऊब देणारे दोन वॉर्मर होते आणि व्हेंटिलेटर कपड्याखाली झाकलेला. प्रबंध मात्र छान बांधून दिला.

शीवची_सून:
कुठेही गेलात तरी प्रवेशाआधी युनिट बघून या. महिन्याला व्हेंटिलेटरवर किती बाळं असतात, रात्री एका सिस्टरकडे किती, प्रसूती तिथेच होतात की सगळी बाळं बाहेरून येतात, एवढं विचारलं तरी कळतं. आईच्या दुधाची पेढी असेल तर सोन्याहून पिवळं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली पेढी सुरू केली. पावडरचा डबा न उघडता कमी वजनाची बाळं कशी वाढवायची, ते अशा ठिकाणी डोळ्यांनी दिसतं.

अवांतर: आमच्याकडे आज्या घरून चांदीचं बोंडलं घेऊन यायच्या. आत नेऊ देत नाही म्हटल्यावर रुसायच्या. मग आईला पलाडीने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) पाजायला शिकवताना बघितलं की म्हणायच्या, "अगं, हे बोंडलंच की!"

लंडनहून_मी:
बाहेर जायचा विचार असेल तर: इंग्लंडात नर्स वेगळी आणि मिडवाइफ वेगळी. आपल्या नोंदणीतलं सुईणपण इथे आपोआप धरत नाहीत. मी नर्स म्हणूनच नोंदले गेले. आधी इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची, मग प्रात्यक्षिक. नवजात विभागात रुजू झाल्यावर नोकरी करत विद्यापीठाचा क्यूआयएस (नवजात परिचर्येतला विशेष पात्रतेचा कोर्स) केला. इथल्या मिडवाइफही या विभागात आल्या की तोच करतात. त्यापुढे मास्टर्सच्या पातळीवर एएनएनपी, म्हणजे नवजात विभागातली प्रगत नर्स. ती सिस्टर डॉक्टरांच्या ड्युटी यादीत असते, बाळाला श्वासाची नळी घालते, नाळेतून रक्तवाहिनीत बारीक नळी टाकते. आपल्याकडचा डिप्लोमा इथे त्याऐवजी चालत नाही, पण मुलाखतीत सीपॅपचं विचारलं तेव्हा मी गप्प बसले नाही ते त्याच्यामुळेच.

रात्रपाळी_सहा:
सगळ्यांचे आभार. सुट्टीच्या दिवशी एक युनिट बघून आले. इन्चार्ज सिस्टरने दारातच हात कोपरापर्यंत धुवायला लावले, घड्याळ आणि बांगड्या काढायला लावल्या आणि मगच बोलल्या. तिथेच आवडलं. आठ बाळं, तीन व्हेंटिलेटरवर, त्या तिघांना तीन सिस्टर. आमच्याकडे रात्री एका सिस्टरकडे सहा असतात.

डिप्लोमाच करते. शिकवायचं वाटलं तर पुढे बघू. घरी सांगितलं, सासूबाईंनी एवढंच विचारलं की रात्रपाळी तिथेही आहे का. आहे म्हटलं.

इन्चार्ज_विदर्भ:
छान. फी भरण्याआधी संस्था आणि हाच कोर्स भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, ते स्वतः बघ, कॉलेजच्या क्लार्कवर सोडू नकोस. पास झाल्यावर राज्य परिषदेत वाढीव पात्रतेची नोंद करून घे. मी आळस केला आणि पुढे चार वर्षांनी त्याच कागदासाठी मुंबईला दोन फेऱ्या झाल्या. स्टायपेंड किती सांगितला?

रात्रपाळी_सहा:
अजून नाही सांगितला. सोमवारी फोन करणार आहे, कळलं की इथेच लिहिते.