स्वयंपाकात दाणे, बदाम, अक्रोड आणि ताटात झालेले बदल : अनुभव लिहा

फुलवात :
सकाळी भिजवलेले बदाम सोलून खाताना एक कडूजहर निघाला. चूळ भरली तरी चव जाईना, आणि एकदम बाबा आठवले. त्यांची अँजिओप्लास्टी झाल्यावर डॉक्टरांनी खाण्याचा कागद दिला होता : मीठ कमी, तळण बंद, रोज मूठभर बिनखारवलेले बदाम-अक्रोड. सुरुवातीलाच त्यांच्या दाताखाली असा एक कडू आला आणि पुढे बदामाचं नाव काढलं तरी तोंड वाकडं व्हायचं.

आई वाद घालत बसली नाही. तिने ते सगळं स्वयंपाकात घालायला घेतलं. साय घालून व्हायचा तो रस्सा भिजवलेल्या काजूंच्या वाटणाचा झाला. सूपवर क्रीमऐवजी बदामाची पूड. कोशिंबिरीत अक्रोडाचे भाजलेले तुकडे. संध्याकाळच्या तळलेल्या खाऊच्या जागी भाजलेले दाणे. बाबा आवडीने जेवायचे. त्यांच्या ताटात ‘पथ्याचं’ असं वेगळं काही दिसत नसे, घरातले सगळेच तेच खायचो.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की मूठभर बदाम कशाच्या जागी येतात ते बघायला हवं. आहे त्या खाण्यावर आणखी एक मूठ, असं करून फारसं काही साधत नाही.

तुमच्याकडे आजारपणामुळे, मुलांमुळे, वयामुळे काय बदललं? लिहा. सुटं सुटं लिहिलंत तरी चालेल.

गारवेल :
तुमच्या आईंना नमस्कार सांगा. किती शांतपणे केलं त्यांनी!

भाजण्याबद्दल लिहिते, कारण चव तिथेच ठरते. ओव्हन १६० ते १७० अंश, एकच थर, ८-१० मिनिटं. रंग पुरता यायच्या आधीच बाहेर काढायचे, कारण आतली उष्णता पुढे काम करत राहते. एक बदाम मधोमध फोडून बघायचा, आत फिकट बिस्किटी रंग दिसला की ताबडतोब गार ताटात पसरायचे. गरम ट्रेमध्ये राहिले तर करपतात. अक्रोड आणि बदाम एकत्र भाजू नका, अक्रोड लवकर होतो आणि त्याची साल जळली की सगळा घाणा कडू. गॅसवर करायचं तर जाड बुडाची कढई, मंद आच आणि हात थांबवायचा नाही.

चकमक :
रुमाल टाकतेय. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

उनाडवारा :
काजूच्या वाटणाचा रस्सा माझ्याकडे खाली लागतो हो. मंद गॅसवरसुद्धा. काय करावं?

फुलवात :
@उनाडवारा, काजूत इतर गरांपेक्षा स्टार्च बराच असतो, म्हणून तर रस्सा दाट होतो आणि म्हणूनच तळाला धरतो. वाटण अगदी शेवटी घाला, आधी गरम पाण्याने सैल करून. मग चार-पाच मिनिटं ढवळत राहायचं. गार झाल्यावर अजून घट्ट होतो, त्यामुळे उतरवताना पातळ वाटला तरी घाबरू नका.

कवडसा :
सासूबाईंची कवळी. अक्रोड चावणं बंद झालं आणि त्यांना तर ते फार आवडतात. पूड करून दह्यात, भाजीत, लापशीत घालते. गर आधी फ्रीजमध्ये गार करायचे, मिक्सर थांबून थांबून फिरवायचा, सोबत चमचाभर पीठ. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. त्या आता स्वतःच बरणी पुढे सरकवतात, ‘घाल गं अजून थोडं’ म्हणून.

बाकी फुलवात, बाबा आता कसे आहेत?

फुलवात :
आता नाहीत गं. पण अँजिओप्लास्टीनंतर बरीच वर्षं छान होते, रोज चालायला जायचे.

कवडसा :
ओह. जवळ असते तर मिठी मारली असती तुला.

पाऊलवाट :
आमच्या घरात उलटी गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. मोठ्या लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी. पहिल्यांदा ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, मग श्वासाला त्रास. तेव्हापासून ॲड्रेनालिनचं इंजेक्शन पर्समध्ये कायम. कुठेही जेवायला गेलो की आधी विचारते ‘यात दाणे आहेत का’, आणि समोरचा हमखास म्हणतो ‘थोडेसेच आहेत’. थोडेसे असे काही नसतात. कृपा करून ज्यांच्या घरी पाहुणे येतात त्यांनी हे लक्षात ठेवा. दाण्यांचा चमचा तसाच दुसऱ्या भांड्यात फिरवला तरी पुरतं.

धाकट्याला लहानपणी खूप एक्झिमा होता, त्यामुळे त्याच्या वेळी मी फार घाबरले होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सहा महिन्यांच्या आसपास, त्यांच्यासमोर, दाण्याचं पातळ केलेलं बटर बोटावर चाटवायला लावलं. मला वाटलेलं की जितकं उशिरा देऊ तितकं बरं. त्यांनी २०१५ चा लीप अभ्यास समजावून सांगितला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या डॉक्टरांनी ६४० बाळं घेतली होती, सगळी जास्त धोक्याची, म्हणजे तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. निम्म्यांना लहान वयातच दाणे नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. ज्यांना दिले त्यांच्यात ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघालं. पण असं बाळ असेल तर घरच्या घरी प्रयोग करू नका, आधी डॉक्टर. आणि अख्खे दाणे, बदाम पाच वर्षांखालच्या कुठल्याच मुलाला देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. पूड किंवा पातळ बटर द्या.

लेकीसाठी मी सूर्यफुलाच्या बिया वापरते. त्यांचं बटर घालून केक केला तर आतून हिरवागार निघाला! बियांमधलं क्लोरोजेनिक ॲसिड खाण्याच्या सोड्याशी भिडलं की हिरवं होतं. खायला काही धोका नाही. सोडा कमी करून लिंबाचा रस घातला की रंग नीट राहतो.

चकमक :
हिरवा केक!! माझ्या मुलांना कळलं तर तोच हवा म्हणतील, लिंबू न घालता 😄
पाऊलवाट, ते ‘थोडेसेच आहेत’ वाचून अंगावर काटा आला. माझ्या भाचीला काजूची आहे. वहिनी प्रत्येक लग्नात डबा घेऊन जाते आणि लोक तिलाच नावं ठेवतात.

पाऊलवाट :
वहिनींना सांगा, आम्हीही डबेवाले 🙏

रानजाई :
बटरचा विषय निघालाच आहे तर. घरी करायचं असेल तर धीर हवा. आधी पूड होते, मग ओलसर गोळा होऊन भांड्याला चिकटतो, इथेच लोक कंटाळून पाणी घालतात. पाणी घालू नका, घट्ट होऊन बसतं आणि लवकर खराबही होतं. भांडं थंड करा, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. एका क्षणी तेल सुटतं आणि गोळा आपोआप सैल होऊन वाहायला लागतो. दाणे कोमट असताना घेतले तर लवकर होतं.

उनाडवारा :
माझ्या मिक्सरमधून याच टप्प्यावर जळका वास आला होता. मोटर गेली का?

रानजाई :
अर्धा तास तरी बंद ठेवा, पूर्ण गार होऊ द्या. पुन्हा वास आला तर दुरुस्तीला. लहान भांड्यात अर्ध्याहून जास्त भरू नका.

गारवेल :
खालचं रबरी कपलिंग पण बघा, ते झिजलं की असाच वास येतो.

उनाडवारा :
कपलिंगच निघालं! धन्यवाद मंडळी, बटर राहिलं पण मिक्सर वाचला.

टिपकागद :
वजन वाढेल म्हणून बदाम बंद केलेले खूप जण भेटतात, म्हणून लिहितो. १०० ग्रॅम बदामात सुमारे ५८० कॅलरी, ५० ग्रॅम मेद, २१ ग्रॅम प्रथिनं, १२ ग्रॅम तंतू. मूठभर म्हणजे २८-३० ग्रॅम, मोजून तेवीसेक बदाम. कागदावर तेवढ्याच्या १६०-१७० कॅलरी होतात. पण अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये माणसांवर मोजलं तेव्हा अख्ख्या बदामातून १३० च्या आसपासच मिळाल्या. बराचसा मेद पेशींच्या भिंतीत अडकलेला राहतो आणि न पचताच बाहेर पडतो. बटर केलं की भिंती फुटतात, मग जवळपास पूर्ण हिशोब लागू होतो. वजनाची काळजी असेल तर चावून खा, बटरचा चमचा सपाट घ्या. आणि खारवलेले नकोत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, ते एरवीच ओलांडलं जातं.

कवडसा :
एक सावधगिरी. भावाला ऑक्सलेटचा मुतखडा झाला तेव्हा डॉक्टरांनी बदाम आणि पालक दोन्हीवर लगाम घालायला सांगितला. किडनीचं जुनं दुखणं असेल तरीही पोटॅशियम, फॉस्फरससाठी विचारून घ्यावं लागतं. सगळ्यांना सरसकट ‘बदाम खा’ म्हणू नये.

चकमक :
दूध उतू गेलं वाचता वाचता. थांबा.

अडकित्ता :
धान्य-तेलबिया साठवणुकीत काम करतो, तिथलं सांगतो. वरच्या कुणीच खवटपणा आणि बुरशीचा विषय काढला नाही.

अक्रोडात १०० ग्रॅममागे ६५ ग्रॅम मेद, त्यातला बहुतेक असंतृप्त. हृदयाला तो चांगला, पण हवा, उजेड, उष्णता लागली की लवकर खवटतो. चुलीजवळच्या काचेच्या बरणीत अक्रोड ठेवू नका. जुन्या रंगासारखा वास आला किंवा घशात खरखरलं की फेकून द्या, भाजून खवटपणा जात नाही.

बुरशी त्याहून गंभीर. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तर खाद्यातली शेंगदाण्याची पेंड बुरशीची निघाली, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष माहीत झालं. यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. शेंगा जमिनीत वाढतात, त्यामुळे बुरशीशी गाठ लवकर पडते. पिकाला पाण्याचा ताण पडला किंवा शेंगा ओल्याच साठवल्या की धोका वाढतो. शिजवून, भाजून ते विष पूर्ण जात नाही. म्हणून घरात दाणे निवडणं हे काम आजही करा : आकसलेले, काळपट, हिरवट डागाचे, आत पोकळ वाटणारे सरळ बाहेर. कुटामध्ये ढकलू नका. शंकेच्या दाण्याची किंमत वाचवण्यात काही अर्थ नाही.

फुलवात :
हे फार मोलाचं लिहिलंत. आणि सकाळच्या त्या कडू बदामाचं काय?

अडकित्ता :
कडू बदामात अमिग्डालिन असतं, चावल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं. गोड बदामांत चुकून एखादा आलेला थुंकून टाकला की झालं. गिळायचा मात्र नाही, आणि मुलांनाही थुंकायला शिकवा. वाया जाईल म्हणून लोक खातात.

रानजाई :
दाण्यांपासून जरा लांब जातेय. माझं हिमोग्लोबिन खाली आलं होतं. गोळ्या चालूच होत्या, पण आहारतज्ज्ञ बाईंनी दोन गोष्टी बदलायला लावल्या. डाळी-पालेभाज्यांवर लिंबू पिळायचं, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींमधलं लोह नीट शोषलं जातं. आणि जेवणाला लागून चहा नाही, निदान तासाभराचं अंतर. चहा सोडवणं जड गेलं, पण सोडवलं. तोंडाची चव आणि जिना चढतानाची धाप, दोन्ही सुधारलं.

चकमक :
आले. ओटा पुसला. माझं एवढंच : पाकीट उलटून बघायची सवय लावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. ‘बदामयुक्त’ बिस्किटात मैदा, साखर, तेल आणि मग कुठेतरी शेवटी बदाम. दाण्याच्या बटरच्या बरणीवर फक्त दाणे लिहिलेले असावेत, फार तर मीठ. आठवीतल्या मुलाला हे काम दिलंय, तो आता दुकानात मोठ्याने वाचतो आणि मला ऐकावंच लागतं.

उनाडवारा :
हृदयासाठी म्हणतात ते कितपत खरं? नवऱ्याला पटवायचंय.

टिपकागद :
स्पेनमधला प्रेडिमेड अभ्यास दाखवा. सात हजारांहून जास्त, हृदयविकाराचा धोका असलेली माणसं. एका गटाला भूमध्यसागरी आहारासोबत रोज ३० ग्रॅम : १५ ग्रॅम अक्रोड, साडेसात ग्रॅम बदाम, साडेसात ग्रॅम हेझलनट. कमी मेदाचा सल्ला दिलेल्या गटापेक्षा हृदयविकार आणि पक्षाघात मिळून ३० टक्क्यांच्या आसपास कमी झाले. २०१३ चा मूळ लेख गट पाडण्यातल्या त्रुटींमुळे मागे घेतला होता, २०१८ मध्ये पुन्हा विश्लेषण करून छापला, निष्कर्ष साधारण तोच. त्यात सबंध आहार बदलला होता, हेही त्यांना सांगा.

उनाडवारा :
सांगते. मग अक्रोड महिन्याचे एकदम आणू का?

अडकित्ता :
आणा, पण फ्रीजमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात. त्याहून जास्त दिवसांचे असतील तर फ्रीजरमध्ये. कवचासकट मिळाले तर ते घ्या, जास्त टिकतात.

उनाडवारा :
कवच फोडायला नवराच बसवते 😀