सेमिनोल मुलाशी दोस्ती : लेकाची गोष्ट खरी वाटेल का?

मोगरा_टँपा :
नमस्कार मंडळी. आम्ही फ्लोरिडात टँपाजवळ राहतो. इथे चौथीला फ्लोरिडाचा इतिहास असतो, आणि माझ्या लेकाला त्यावर गोष्ट लिहायची आहे. त्याने १८३५ साल घेतलंय. जागा फोर्ट किंग, म्हणजे आजच्या ओकालाजवळचा लष्करी किल्ला. रान तोडून तिथे राहायला आलेल्या गोऱ्या कुटुंबातला मुलगा आणि त्याचा सेमिनोल दोस्त (सेमिनोल म्हणजे फ्लोरिडातले मूळ अमेरिकी लोक). गोष्टीत दोघं मिळून सेमिनोल आणि अमेरिकी सैन्य यांच्यातलं युद्ध थांबवतात. चित्रही काढलंय : दोस्ताच्या डोक्यावर पिसांचा मोठा टोप, मागे कातडी तंबू, अंगात रंगीत पट्ट्यांचा सदरा. मला हे कुठेतरी खटकतंय. आणि अशी दोस्ती तेव्हा शक्य होती का?

रानवाट :
ताई, टोप आणि तंबू काढायला सांगा. ते पश्चिमेकडच्या मैदानी प्रदेशातल्या जमातींचं. सेमिनोल पुरुष डोक्याला कापडाचा फेटा गुंडाळत. पट्ट्यापट्ट्यांचे सदरे शिवणयंत्रं आल्यावरचे, म्हणजे या गोष्टीनंतर कित्येक वर्षांनी. घर लाकडी ओंडक्यांचं दाखवा. पामच्या पानांनी शाकारलेली, भिंती नसलेली 'चिकी' युद्धात पळापळ सुरू झाल्यावर रूढ झाली, कारण ती झटपट उभी राहते.

चूल मात्र जरूर काढू द्या. लांब ओंडके चाकाच्या आऱ्यांसारखे मांडायचे, विस्तव मधोमध. टोक जळलं की ओंडका आत ढकलायचा. त्यावर 'सोफ्की', म्हणजे मक्याची पातळ पेज. आपल्याकडच्या आंबिलीची आठवण होते.

जुनी_वही :
दोस्ती शक्य होती, माझ्या मते अगदी सहज. सेमिनोल गुरं पाळत, हरणाची कातडी विकत; फोर्ट किंगला दुकान होतं. तुमच्या लेकाच्या नायकाला त्या दुकानात हाताखाली ठेवा. कातडी मोजता मोजता पोरं एकमेकांचे शब्द शिकतात.

पण युद्ध दोन पोरांनी थांबणारं नव्हतं. १८३० च्या कायद्याने मूळ अमेरिकी लोकांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवायचं ठरलं. सेमिनोलांनी तसं जाण्याचा १८३२ चा पेन्स लँडिंगचा करार त्यांच्या बऱ्याच प्रमुखांना मान्य नव्हता. शिवाय गुलामगिरीतून पळालेले कृष्णवर्णीय लोक सेमिनोलांच्या आश्रयाला होते आणि मळेवाल्यांना ते परत हवे होते. प्रमुख मिकानोपीचा दुभाषा अब्राहम त्यांच्यातलाच. मग सरकारी एजंट वायली थॉम्पसनने सेमिनोलांना बंदुकीची दारू विकायला बंदी केली. ऑसिओला या सेमिनोल पुढाऱ्याला तर बेड्या ठोकल्या.

गोष्ट मला तिथे दिसते. दोस्त कातडी घेऊन येतो, नेहमीसारखी बंदुकीची दारू मागतो, आणि दारूची पेटी मागे असूनही आपल्या पोराला 'नाही' म्हणावं लागतं.

२८ डिसेंबर १८३५ ला थॉम्पसन किल्ल्याबाहेर मारला गेला. दुकानदारही गेला. त्याच दिवशी अमेरिकी सैन्यातल्या मेजर डेडची शंभरावर माणसांची तुकडी सेमिनोलांकडून कापली गेली. लढाई १८४२ पर्यंत चालली. तीन हजारांवर सेमिनोल पश्चिमेला धाडले गेले, काहीशे दक्षिणेच्या दलदलीत टिकले.

एक विनंती : 'सेमिनोल लोक होते' असं लिहू देऊ नका. ते आहेत, तुमच्याच राज्यात. बिग सायप्रसला त्यांचं स्वतःचं आह-ता-थी-की संग्रहालय आहे, मुलाला नक्की न्या.

मोगरा_टँपा :
दोघांचे मनापासून आभार. रात्री सगळं वाचून दाखवलं. दारूच्या पेटीपाशी तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, तो चोरून देईल का गं?" मी म्हटलं, तू ठरव.

आज सकाळी शेवट बदललाय. मुलगा दोस्ताच्या घरी जातो, तर घर रिकामं. ओंडके तसेच मांडलेले, मधली राख अजून कोमट. तो एक ओंडका आत ढकलतो आणि बसून राहतो.

संग्रहालयाला पुढच्या शनिवारी निघतोय.