मदत हवी आहे: हा चिफचॅफ की विलो वार्बलर?

नमस्कार मंडळी. चिफचॅफ आणि विलो वार्बलर हे दिसायला जवळजवळ सारखे दोन वटवटे, म्हणजे किडे टिपणारे छोटे पक्षी; मला दिसलेला त्यांतला कोणता, ते ठरत नाहीये. वसंतातले स्थलांतरी पक्षी बघायला आठवडाभर रोज पहाटे शहरातल्या उद्यानात जातेय. हे चिमुकले जीव रात्रभर उडून उजाडता उजाडता दिसेल त्या झाडीत उतरतात, आणि पाऊस लागला की त्यांना खाली उतरावंच लागतं, म्हणून पावसाळी रात्रीनंतरची सकाळ तर मी चुकवतच नाही.

आज तळ्याकाठच्या झुडपात एक वटवट्या अगदी चार हातांवर दिसला. पाठ मळकट हिरवी, डोळ्यावर फिकट भुवई, पाय काळपट. पानाखालचे किडे टिपताना शेपटी सारखी खाली झुकवत होता. गायला मात्र नाही. शेपटीच्या लकबीवरून चिफचॅफ म्हणावा का? विलो वार्बलरचे पाय बहुधा फिकट असतात, पण सावलीत रंगावर विसंबायला मन धजत नाही. या दोघांतला फरक सांगणारी मिटलेल्या पंखाच्या टोकाची लांबी दुर्बिणीतून कशी जोखायची, कुणी सांगाल का?