मदत हवी आहे: मुलीचे वरचे दोन दात आलेच नाहीत, इम्प्लांट आत्ताच करावं का? (नाशिक)

गोदाकाठची
नमस्कार. लेकीचे वरचे दोन दात आलेच नाहीत, आणि आता येणारही नाहीत म्हणे. एका दवाखान्यात सांगितलं, दोन इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून त्यावर बसवलेले कृत्रिम दात) बसवून मोकळे व्हा, या महिन्यात पैसे भरले तर सूट आहे. दुसरे डॉक्टर नुसतं ‘थांबा’ म्हणतात. मला शुक्रवारपर्यंत कळवायचंय. नाशिकमध्ये इम्प्लांट चांगलं कोण करतं? लवकर सांगा प्लीज.

सातपूरकर
वय किती? दात कोणते? ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, काढलाय का?

मखमलाबादी
मी गेल्या वर्षी खालच्या दाढेचं केलं. आता ऊस सोलून खातो. बिनधास्त करून टाका.

सातपूरकर
दादा, तुमचं वय?

मखमलाबादी
५४. त्याचा इथे काय संबंध?

गोदाकाठची
सॉरी, घाईत लिहिलं. १२ पूर्ण, सातवीत आहे. पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचे, दोन्ही बाजूंचे. ओपीजी आहे. रात्री ओट्याजवळच्या ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला. बाकी सगळ्या दातांची मुळं दिसतात, त्या दोन जागी नुसतं हाड. पोरगी हसताना हात तोंडावर नेते. मला ते बघवत नाही, म्हणून घाई.

नाचणीसत्त्व
गरोदरपणात कॅल्शियम कमी पडलं असणार. आता तरी रोज नाचणी आणि तीळ द्या.

दंतवैद्य_रुजू
मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणारी डॉक्टर आहे. नाशिकमध्ये माझा दवाखाना नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

ताई, बाराव्या वर्षी इम्प्लांट करू नका. आपला दात हाडात लवचिक धाग्यांनी धरलेला असतो, जबडा वाढतो तसा तोही खाली सरकतो. इम्प्लांट हाडाला घट्ट चिकटतं, ते सरकत नाही. चार-पाच वर्षांत शेजारचे दात खाली येतील आणि तो दात वरच अडकल्यासारखा, आखूड दिसेल. हिरडीची रेषाही वेडीवाकडी होते. मुलींची वाढ साधारण १७-१८ पर्यंत चालते, मुलांची आणखी उशिरापर्यंत. नुसतं वय बघूनही ठरवत नाहीत. वर्षाच्या अंतराने बाजूने चेहऱ्याचे दोन एक्स-रे काढून वाढ थांबली का ते ताडून बघतात.

मखमलाबादी, वयाचा संबंध हा असा आहे.

आणि नाचणी जरूर द्या, पण या दातांची कळी बाळ पोटात असतानाच धरते. ती धरलीच नाही तर कॅल्शियमने उगवत नाही. बहुतेक वेळा हे घराण्यातून येतं. घरात कुणाला असं आहे का? मुलीचे केस फार विरळ आहेत का, उन्हात घाम येतो ना? दातांसोबत तेही कमी असलं तर कारण वेगळं असू शकतं, म्हणून विचारते. एकूण किती दात नाहीत, तेही मोजा.

गोदाकाठची
दोनच. केस दाट आहेत, घामही येतो. घरात कुणाला नाही… थांबा, नणंदेचा तोच दात अगदी तांदळाच्या दाण्याएवढा, टोकदार आहे. तो यातलाच का? सासूबाई दोन वर्षं मला म्हणतायत, तू नीट खाल्लं नाहीस.

दंतवैद्य_रुजू
हो, त्याच गुणाचं ते सौम्य रूप. कुणाचीच चूक नाही यात, ना तुमची, ना आत्याची.

इंदिरानगरकर
माझेही हेच दोन दात नव्हते. मी ब्रेसेस लावून जागाच बंद करून घेतली. सुळे पुढे ओढले, घासून त्या दातांसारखे केले, वर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) लावलं. कृत्रिम दाताची कटकटच नाही. तेच करा.

दंतवैद्य_रुजू
चांगला मार्ग आहे, पण सगळ्यांना नाही. सुळा जाड आणि जरा पिवळट असतो. शिवाय वरचे-खालचे दात कसे बसतात त्यावर ठरतं. काहींची जागा उलट मोकळी करून ठेवावी लागते.

इंदिरानगरकर
माझ्यात फरक कुणाला कळत नाही. उगाच घाबरवू नका.

पंचवटीचा_वाडा
रूट कॅनालला हल्ली किती घेतात? आणि कॉलेज रोडला संध्याकाळी गाडी कुठे लावता?

सातपूरकर
वेगळा धागा काढा की. ताई, पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे. तिथे ऑर्थो आणि कृत्रिम दातांचा, दोन्ही विभाग आहेत. एकत्र बसून ठरवा म्हणावं. ओपीजी न्या.

गोदाकाठची
सूटवाल्यांना आत्ताच फोन करून नाही सांगितलं. सोमवारी कॉलेजात जातो. पण तोपर्यंत तिने तसंच राहायचं का? पाच वर्षं?

दंतवैद्य_रुजू
मुळीच नाही. आधी ब्रेसेसने जागा ठरेल. तेव्हा तारेलाच खोटा दात अडकवता येतो. नंतर दात जोडलेली प्लेट, किंवा मेरीलँड ब्रिज. त्यात शेजारचा दात जवळजवळ न घासता मागच्या बाजूने पंख चिकटवतात. कधी निघाला तर परत चिकटवता येतो.

गोदाकाठची
लेक शेजारी बसून वाचतेय. विचारतेय, तारेवरचा दात लावून पेरू खाता येईल का?

दंतवैद्य_रुजू
फोडी करून, मागच्या दाढांनी. तारा निघाल्या तरी पुढच्या दातांनी तोडायचा नाही, तिला सांगा.