'कान्तेई'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका: एका जपानी तलवारीच्या प्रमाणपत्राचा अनुवाद करतेय. 'कान्तेई'ला मी 'मूल्यांकन' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'तपासणी' केलं. दोन्ही पटत नाहीत. कागदावर किंमत कुठेच नाही, फक्त घडवणाऱ्याचं नाव आहे. तलवार 'मुमेई', म्हणजे तिच्यावर नाव कोरलेलं नाही, म्हणून मी 'निनावी' लिहिलंय. तुम्ही काय लिहाल?

तोक्यो_मुक्कामी: पारख! इथल्या कान्तेईच्या बैठकीत नाकागो, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, झाकून ठेवतात, कारण सही तिथेच कोरलेली असते. पात्याचा बाक, पोलादाचा पोत आणि धारेजवळची नक्षी, म्हणजे हामोन, बघून कारागिराचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. आलाप ऐकून गवयाचं घराणं ओळखावं तसं. नेमकं नाव आलं तर 'आतारी'. त्याच परंपरेतलं अगदी जवळचं नाव आलं तर 'दोझेन', तेही बरोबर धरतात. यात मूल्य कुठे आलं?

जुना_कागद: मूल्य येतं. तोकुगावा काळात होनआमी घराणं पारख करून जे घडीचे कागद देई, त्यांवर सुवर्णनाण्यांत किंमत लिहिलेली असे. त्या कागदाचं नाव ओरिगामी. खात्रीच्या वस्तूला जपानीत 'ओरिगामी-त्सुकी' म्हणतात, ते यावरूनच. 'मूल्यांकन' इतकं चुकीचं नाही.

तोक्यो_मुक्कामी: ताईंच्या हातात आजचा कागद आहे. होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो, तोकुबेत्सु जूयो या श्रेणी तलवार जतन करण्याच्या योग्यतेच्या आहेत. किमतीचा आकडा त्यांत नसतो.

मायबोली_आग्रही: आणि 'हामोन' कशाला? आपल्याकडे 'पाणी' आहे. पाठीकडे मातीचा जाड लेप, धारेकडे पातळ, मग तापवून पाण्यात बुडवायचं. यालाच आपण पात्याला पाणी देणं म्हणतो.

तोक्यो_मुक्कामी: पाणी हा गुण, हामोन ही डोळ्यांना दिसणारी नक्षी. सुगुहा सरळ, नोतारे संथ लाटेसारखी, चोजी लवंगांच्या आकाराची. सगळ्यांना 'पाणी' म्हटलं तर पारख करायची कशावरून?

मायबोली_आग्रही: मग 'पाण्याची नक्षी' म्हणा. पण आपला शब्द असताना तो टाकायचा नाही.

पंचगंगाकाठ: विषय निघालाच म्हणून सांगतो. आमच्या शेजारच्या आजोबांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवरून एक जपानी तलवार आणली होती. दर खंडेनवमीला मूठ उतरवून, चिंच लावून सगळं लखलखीत करायचे. नाकागोवर अक्षरं होती, ती आता पुसट झालीत. तिची पारख होईल का?

तोक्यो_मुक्कामी: दादा, यापुढे नाकागोला काहीही लावू देऊ नका. तिथल्या गंजाच्या रंगावरून वयाचा अंदाज बांधतात, सही खरी की 'गिमेई', म्हणजे बनावट, हेही त्यावरून ताडतात. युद्धकाळातल्या बऱ्याच तलवारी कारखान्यातल्या असतात. शिक्का दिसतोय का?

पंचगंगाकाठ: शिक्का आठवत नाही. पण तो थर मुद्दाम राखायचा असेल तर त्याला 'गंज' कसं म्हणायचं? गंज लागला म्हणजे वस्तू वाया गेली, असंच आम्ही ऐकत आलो.

मायबोली_आग्रही: 'काळी झाक' म्हणा.

जुना_कागद: झाक वरवरची असते. हा गंजच आहे, गंजच म्हणा. ताई, तुमचं 'निनावी' मात्र खटकतंय. लांब तलवारी पुढे खालून कापून आखूड केल्या, त्याला 'सुरिआगे' म्हणतात. त्यात कितीतरी सह्या गेल्या. घडवणाऱ्याने नाव कोरलेलं असताना ती निनावी कशी?

अनुवादिका: मग 'बिनसहीची'?

मायबोली_आग्रही: 'सही' फारसी-अरबीतून आली. 'नाममुद्रा नसलेली' लिहा.

तोक्यो_मुक्कामी: 'बिनसहीची' चालेल. दादा, नाकागोचा फोटो टाका, न पुसता.