आजोबांचा नेव्हीतला रेकॉर्ड कुठं मिळेल?

शहापूरकर: आजोबा दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत स्टोकर होते. सर्व्हिस रेकॉर्ड हवाय, लवकर. मुंबईच्या एका ऑफिसनं 'या नावाचा कोणी नाही' म्हणून अर्ज परत पाठवला. नेमका पत्ता सांगा, बाकी सल्ले नकोत.

खानापूरचा पाटील: मराठा सेंटरला जावा की! आमच्या काकांचं सगळं तिथंच मिळालं.

इंजिनरूम: पाटील, तुमचे काका पायदळात. नेव्हीचे कागद बेळगावात कसे असतील? शहापूरकर, आजोबांचा सर्व्हिस नंबर काय? रॉयल इंडियन नेव्ही की मर्चंट, म्हणजे व्यापारी बोटी?

शहापूरकर: नेव्हीच हो. बोटीत कोळसा मारायचे, आजी सांगायची. नंबर असता तर इथं कशाला विचारलं असतं?

इंजिनरूम: कोळसा म्हणताय म्हणूनच शंका. जमना, सतलज या नेव्हीच्या स्लूप (छोट्या युद्धनौका) तेलावर चालायच्या, स्टोकर बर्नर आणि बॉयलरचं पाणी सांभाळायचे. कोळसा मारणारे आगवाले बहुतेक मर्चंटच्या बोटींवर.

गडहिंग्लजकर: सरसकट नको. नेव्हीच्या छोट्या ट्रॉलरवर कोळसाच होता.

निपाणीचा नाना: १९४६ च्या नाविकांच्या उठावात होते का? केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनमध्ये तो उठाव धरलाय. फॉर्म भरून टाका.

शहापूरकर: नाना, पेन्शन कोण मागतंय? आणि नातवाला मिळते का ती?

येळ्ळूरची वाघीण: अर्ज मराठीत केला असणार, म्हणून परत आला. १९५६ पासून हेच चाललंय.

गडहिंग्लजकर: ताई, मुंबईच्या ऑफिसला मराठीचं काय वावडं? सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे.

इंजिनरूम: घरात मेडल आहे का? गोल, एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह. असेल तर कड बघा. भारतीयांना दिलेल्या मेडलवर सहसा नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं.

शहापूरकर: आहे की, देव्हाऱ्यात. कडेला शेंदूर-तेलाचा थर होता, ब्रशनं काढला. भिंगातून पाच आकडे, मग 'स्टो.' आणि शेवटी 'आर.आय.एन.' दिसतंय. आडनावाच्या जागी मात्र वडिलांचं नाव आहे!

इंजिनरूम: आर.आय.एन. म्हणजे रॉयल इंडियन नेव्हीच. आणि 'या नावाचा कोणी नाही' कशानं, तेही कळलं. मानखुर्दच्या चीता कॅम्पला ब्युरो ऑफ सेलर्स, म्हणजे नेव्हीच्या नाविकांचे रेकॉर्ड ठेवणारं ऑफिस आहे, तिकडं लिहा. नाव मेडलवर आहे तसंच, नंबर सगळ्यात वर. वारस असल्याचा पुरावा आणि मृत्यूचा दाखला जोडा. अर्जात मूळ गाव काय घातलं होतं?

शहापूरकर: शहापूर, जिल्हा बेळगाव. अजून काय घालणार?

गडहिंग्लजकर: अहो, शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं! भरतीच्या कागदावर सांगली स्टेट असू शकतं. दोन्ही लिहा.

शहापूरकर: हे आधी सांगायचं ना. पोस्टानं पाठवलं तर चालतं का?

खानापूरचा पाटील: तरी मराठा सेंटरला एकदा विचारून बघा.