मासा ही लपण्याची खूण होती का?

तारू: रोमन साम्राज्यातल्या छळाच्या काळात एक ख्रिस्ती माणूस धुळीत कमान काढायचा, समोरचा दुसरी कमान काढून मासा पुरा करायचा आणि ओळख पटायची, ही गोष्ट शिबिरांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे फिरते. पण त्या काळातल्या एकाही लेखकाने ती सांगितलेली नाही. माझं स्पष्ट मत आहे की या गोष्टीने माशाचा खरा अर्थ झाकून टाकलाय. इ.स. 200च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहितो: आपण लहान मासे, आपल्या माशासारखे, म्हणजे येशू ख्रिस्तासारखे, पाण्यात जन्मतो आणि पाण्यात राहूनच वाचतो. हा बाप्तिस्मा आहे, म्हणजे पाण्यातली ख्रिस्ती दीक्षा. यात लपाछपी कुठून आली?

सांजवारा: इतकं सरसकट नको. ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ याची ग्रीक आद्याक्षरं जोडली की इख्थुस, म्हणजे मासा होतो. ही रचनाच जाणकारांसाठी आहे. रोममधला लिकिनिया आमियासचा थडग्याचा दगड बघा. वर पितरांना अर्पण करायची रूढ रोमन अक्षरं, खाली ‘जिवंतांचा मासा’, नांगर आणि दोन मासे. परक्याला तो चारचौघांसारखाच दगड वाटणार. फ्रिगियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, आबेर्किउस या ख्रिस्ती माणसाच्या थडग्यावर तर सरळ कोरलंय, ज्याला हे समजतं त्याने माझ्यासाठी प्रार्थना करावी.

तारू: आबेर्किउसचाच लेख पुढे वाचा ना! झऱ्यातला मोठा, निर्मळ मासा, पवित्र कुमारिकेने धरलेला, सोबत्यांना नेहमी खायला दिलेला, जोडीला द्राक्षारस आणि भाकर. उघडउघड प्रभुभोजन, ख्रिस्ती लोकांचा भाकर-द्राक्षारसाचा विधी. आणि शेवटी काय लिहिलंय? या थडग्यात दुसऱ्याला पुरलं तर रोमच्या खजिन्यात 2000 सोन्याची नाणी भरावी लागतील. सरकारपासून लपणारा माणूस सरकारलाच दंड वसूल करायला सांगेल?

शिंपला: तारूंशी सहमत. त्याच सुमाराचा ख्रिस्ती लेखक, अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट, अंगठीच्या शिक्क्यासाठी कबूतर, मासा, गलबत, वीणा, नांगर सुचवतो. मूर्ती, तलवार, मद्याचा पेला नको म्हणतो. कोळ्याचं चित्र असेल तर प्रेषिताची आणि पाण्यातून वर काढलेल्या मुलांची आठवण होईल, असंही लिहितो. म्हणजे पुन्हा बाप्तिस्माच.

सांजवारा: धुळीतल्या कमानीची गोष्ट मीही खरी धरत नाही. पण आबेर्किउस त्याच्या गावचा वजनदार माणूस, सगळ्यांची स्थिती तशी नव्हती. इ.स. 177मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्योंमध्ये ख्रिस्ती लोकांना आखाड्यात श्वापदांपुढे टाकलं. तिथल्या माणसाला जाणकारालाच कळेल अशी खूण जवळची वाटली नसेल, हे मला पटत नाही.